रस्त्याकडे तोंड केलेली बाग

प्रिय मास्तरीण,

तुमच्या प्रशिक्षणाच्या वसतिगृहात जेवण बरं आहे पण गाद्या पातळ आहेत, हे तू तुझ्या बहिणीला सांगितलंस आणि तिने मला सांगितलं. मला थेट कळवलं नाहीस याचं वाईट वाटलं नाही. म्हणजे वाटलं, पण तसं वाटून घ्यायला मला तोंड नाही, हे मला कळतं. इकडे सगळं ठीक आहे. नळाचा वायसर बदलला. तुझा चष्म्याचा जुना डबा कपाटामागे पडला होता, तो सापडला. पाट्यांचं काम थोडं थोडं येतंय. परवा एका दवाखान्याची पाटी रंगवून दिली. डॉक्टरांनी 'तपासणी'तला 'णी' ऱ्हस्व लिहून दिला होता, तो मी न विचारता दीर्घ केला. त्यांच्या लक्षातही आलं नाही. तू असतीस तर तुला सांगितलं असतं आणि तू हसली असतीस, म्हणून लिहिलं.

बागेचं सांगतो. तू निघालीस तेव्हा माना टाकून बसलेल्या कर्दळी आता ताठ झाल्या आहेत. लिलीला नवं पान फुटलंय. जास्वंदीच्या शेंड्यांवर कापसासारखी पांढरी कीड धरली होती, ती रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसून काढतो. शेजारच्या आजोबांनी कुंपणावरून पाहिलं आणि म्हणाले, "बाळाचं नाक पुसतोयस जणू." मी म्हटलं, बाळ निदान रडून सांगतं तरी.

ही झाडं निवडताना मी तुझं डोकं किती खाल्लं ते आठवतंय. तुझं म्हणणं एवढंच होतं, की हंगामी फुलं नकोत. भाड्याच्या खोल्यांतून आपण डब्यांत, फुटक्या बादल्यांत झाडं लावली आणि दर वेळी घर सोडताना ती लोकांना वाटून टाकली. या घरात एकदा लावायचं आणि ते राहायचं, दर वर्षी नवी मांडामांड मला झेपणार नाही, असं तू म्हणालीस. मला ते इतकं पटलं की मी वेड्यासारखा मागे लागलो. रोपवाटिकेतल्या मावशींना मी विचारलं, हे किती उंच होईल, किती पसरेल, पाच वर्षांनी कसं दिसेल, खोडं जुनी झाली की खालून उघडं पडेल का, मुळं भिंतीत शिरतील का. त्या शेवटी कंटाळून म्हणाल्या, "अहो, रोप नेताय की सून बघताय?" तू तेव्हा तोंडाला पदर लावून किती हसलीस. घरी येईपर्यंत हसत होतीस.

मग मी कागदावर आखणी केली. मला एकच गोष्ट नीट येते, ती म्हणजे पाटी. तशीच मी बाग आखली. उंच ती मागे, म्हणजे घराच्या भिंतीलगत: जास्वंद आणि लाल कर्दळ. मधल्या ओळीत लिली. पुढे कुंपणाशी बुटकी जांभळ्या पानांची किनार. मोठी अक्षरं, बारीक अक्षरं, खाली पट्टी. रस्त्याच्या पलीकडे उभं राहून मी डोळे बारीक करून बघत होतो आणि मला वाटत होतं, आपल्या घराचा थाट कुणालाही लांबून वाचता येईल. तू स्वयंपाकघराच्या खिडकीत चहाचं गाळणं हातात घेऊन उभी होतीस. तू विचारलंस, "आणि इथून मला काय दिसणार रे?" मी म्हणालो, बाग रस्त्यावरून बघायची असते. तू चहा गाळायला गेलीस. ते उत्तर मला आता फार लागतं. पण त्याच्याकडे नंतर येतो.

त्या दुपारचं लिहितो. आपण दोघांनीही तिचं नाव काढलेलं नाही, म्हणून मलाच काढायला हवं. मी फाटक्या बनियनमध्ये, गुडघ्यापर्यंत चिखलात, जास्वंदीच्या खड्ड्यात उभा होतो. तुझ्या शाळेच्या मोठ्या बाई आणि आणखी दोघी शिक्षिका नवं घर बघायला न सांगता आल्या. मोठ्या बाईंनी फाटकातूनच हाक मारली, "काय रे माळीबुवा, बाई आहेत का घरात?" मी आहेत म्हटलं. पुढचं वाक्य माझ्या ओठांवर होतं, की या ना, मी यांचा नवरा. तेवढ्यात त्यांतल्या चष्मेवाल्या बाई दुसरीला म्हणाल्या, "हिचे मिस्टर जाहिरात कंपनीत डिझायनर आहेत ना ग? बघू तरी आज, एरवी कधी दिसत नाहीत ते." आणि माझं वाक्य घशातच राहिलं. 'येथे गाडी लावू नये' लिहिणारा माणूस जाहिरात कंपनीत असतो, असं कुणी आपणहून समजणार नाही, हे मला समजलं. तू काय सांगितलं असशील आणि का सांगितलं असशील, तेही समजलं. आठवीत शाळा सुटलेला नवरा शिक्षकांच्या खोलीत सांगायचा कसा? मला एवढंच दिसलं, की आता मी तोंड उघडलं तर तू आत चहा टाकता टाकता सगळ्यांसमोर खोटी पडशील. म्हणून मी म्हणालो, "साहेब बाहेरगावी गेलेत."

हे तुला वाचवायला केलं असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं हे, की त्या चिखलात मला माळी असणं सोपं वाटलं. माळ्याला कुणी विचारत नाही, किती शिकलास.

तू बाहेर आलीस. मोठ्या बाई म्हणाल्या, "साहेब बाहेरगावी असतात वाटतं, हा सांगत होता." तू माझ्याकडे पाहिलंस. मी फावड्याकडे पाहिलं. तू म्हणालीस, "हो." मग त्यांनीच आठवण केली, "त्या माळ्यालाही घोटभर द्या हो, उन्हात आहे बिचारा." आणि तू मला माझ्याच मोठ्या कपात चहा आणून दिलास. त्यावर त्या चष्मेवाल्या बाई काय म्हणाल्या ते तुला पाठ असेल. "माळ्याला एवढा मोठा कप! लाडावून ठेवलाय की ग." सगळ्या हसल्या. तूही हसलीस, आणि मीही दात काढले. तो चहा मी नळाशी उकिडवा बसून प्यायलो. आपल्याच घरात.

त्या गेल्यावर तू विचारलंस, "असं का म्हणालास?" आणि मी म्हणालो, "तू हो का म्हणालीस?" त्यानंतर तू बॅग भरायला घेतलीस आणि सकाळी प्रशिक्षणाला गेलीस. मास्तरीण, त्या दुपारच्या सगळ्या गोष्टींत मला या प्रश्नाची सगळ्यात जास्त लाज वाटते. दार मी लावून घेतलं आणि वर तुलाच विचारलं, बाहेर का उभी आहेस.

आता जे तुला ठाऊक नाही ते. तू गेल्यावर दोन-तीन दिवसांत मोठ्या बाई पुन्हा फाटकाशी आल्या. तुझ्यासाठी नव्हे, माझ्यासाठी. म्हणाल्या, "बाईंनी परवानगी दिली तर माझ्याकडेही ये रे. अंगण नुसतं भकास पडलंय, काहीतरी कायमचं लावून दे." मी जायला नको होतं. वाटलं, त्यांच्या घरी जाऊन एकटं गाठून खरं सांगावं, तेवढीच तुझी शोभा होणार नाही. म्हणून गेलो. आणि सांगितलं नाही. अंगणात उभं करून त्यांनी मला विचारलं, इथे काय चांगलं दिसेल, आणि मी बोलतच सुटलो. सावली कुठे पडते, पाणी कुठे साचतं, कोणतं झाड छाटलं नाही तर डोक्यावर बसेल. त्या मान डोलावून ऐकत होत्या. तुझ्या शाळेतलं कुणी माझं बोलणं असं ऐकेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. मला ते आवडलं. लाज सोडून सांगतो, फार आवडलं. म्हणून दुसऱ्या दिवशीही गेलो, तिसऱ्याही.

त्यांचे यजमान तुला माहीत असतील. आजारपणापासून त्यांचं चालणं बंद आहे, दिवसभर व्हरांड्यातल्या खुर्चीत असतात. मी माझ्या सवयीने उंच कर्दळी व्हरांड्याच्या कठड्याला लावायला घेतल्या. ते बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "बाळा, रस्त्यावरचे लोक मला बघायला येत नाहीत रे. मी इथे बसतो. मला काय, देठ दाखवणार?" माझा हात तिथेच थांबला. तू गाळणं घेऊन जे विचारलं होतंस तेच हे. तेव्हा मला ऐकू आलं नाही, कारण विचारणारी तू होतीस.

त्यांची बाग मी उलटी केली. उंच ती कुंपणाशी, बुटकी त्यांच्या पायांजवळ, आणि बोटं पोचतील अशा अंतरावर मोगरा. घरी येऊन आपलीही तशीच फिरवली. आत्ताच लावलेली रोपं पुन्हा उपटली म्हणून आजोबा कुंपणावरून ओरडले, "अरे, त्यांना बस्तान तरी बसवू दे!" दोन लिल्या रुसल्या आहेत, पण जगतील. रस्त्यावरून आता फक्त कर्दळीच्या पाठी दिसतात.

काल मोठ्या बाईंकडचं काम संपलं. त्या मला चहा घेऊन आल्या, कान तुटलेल्या कपात, कामाच्या माणसांसाठी ठेवलेला असतो तसल्या. बाजूला बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "एक विचारू का रे? तुझ्या बाईंचे साहेब स्वभावाने कसे आहेत? ती कधी बोलत नाही. त्यांचं नाव काढलं की विषय बदलते, चेहरा उतरतो. मला भलतीच शंका येते. मारत-बिरत नाहीत ना?"

मास्तरीण, मला तेव्हा उलगडा झाला. तू मला लपवत होतीस म्हणजे तू मला भ्यायलेली आहेस, असं त्यांनी ताडलं होतं. त्या खरोखर काळजीने विचारत होत्या, तुझ्यासाठी डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. आणि समोर मी बसलो होतो. मी नाही म्हटलं असतं तर ते माळ्याचं बोलणं झालं असतं, त्याला काय किंमत? मी म्हणालो, "तो मीच आहे, बाई. मी पाट्या रंगवतो. मी तिच्यावर हात उगारलेला नाही, तिला फक्त माझी लाज वाटते, आणि मला माझी तिच्यापेक्षा जास्त वाटते." असंच म्हणालो, आडवंतिडवं. त्या हसतील असं वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत. माझ्या हातातल्या कपाकडे बघत राहिल्या, मग तो काढून घेतला आणि म्हणाल्या, "तुम्ही खुर्चीवर बसा ना." 'तू'चं 'तुम्ही' एका दमात झालं. मला ते शिवीपेक्षा जड गेलं. माझ्यापेक्षा त्यांना जास्त ओशाळं झालं होतं.

हे सगळं तू परत आल्यावर समोरासमोर सांगता आलं असतं. तेवढा धीर मी गोळाही केला होता. पण निघताना मोठ्या बाई म्हणाल्या, की सोमवारी शाळा भरायच्या आधी त्या तुझ्याशी बोलणार आहेत, माफी मागणार आहेत. मी नको नको म्हटलं, त्या ऐकेनात. आणि तू तर बसमधून उतरून थेट शाळेत जाणार. सगळ्यांसमोर, हातात बॅग, आणि तुला काहीच ठाऊक नाही, असं पुन्हा व्हायला नको, म्हणून हे पत्र. तुझी बहीण शनिवारी तुला भेटायला येतेय, तिच्याबरोबर देतोय. पाकीट चिकटवलंय, तरी ती उघडेल. उघडू दे. तू त्या दिवशी हो म्हणालीस, कारण मी तुला दुसरं काही म्हणायला जागाच ठेवली नव्हती. त्याबद्दल माझी तक्रार नाही, आणि माझ्या त्या प्रश्नाबद्दल मला क्षमा कर. सोमवारी मोठ्या बाईंना काय सांगायचं ते तू ठरव. गंमत केली होती म्हणालीस तरी मी ती गंमत म्हणून निभावून नेईन. पण शाळा सुटताना मी शाळेच्या फाटकाशी सायकल घेऊन उभा असेन, तुझी बॅग जड असणार. अंगावर कामाचेच कपडे असतील, रंगाचे. त्या चष्मेवाल्या बाई विचारतीलच, हे कोण ग? या वेळी मी तोंड उघडणार नाही. तू सांग.

तुझाच
नवरा