गाठीच्या आजूबाजूचं

बुधवार, संध्याकाळ. औंढे

आज तस्लीमला फोन केलाच. कॉलेज सोडताना तिच्याशी भांडलो, तेव्हापासून एक शब्द नाही. ती आता पुण्यात कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या लॅबमध्ये आहे. निमित्त वडलांच्या आतड्याच्या कॅन्सरच्या रिपोर्टचं. पण खरं म्हणजे तिचा आवाज ऐकायचा होता.

सकाळी मी डॉक्टरांवरच भडकलो. "गाठ काढा न् मोकळं करा! आजूबाजूचं कशाला तपासता?" वडील म्हणाले, "आरं, प्वाट माजं हाय, तू कशापायी तापतूस?"

फोनवर हे सांगितलं, तर तस्लीमनं आधी विचारलं, "त्रास किती जुना?"

दहा वर्षं. रक्त पडायचं, आम्ही मूळव्याध समजून चूर्ण देत बसलो. माझीच चूक.

"इतकी वर्षं आतडं सुजलेलं राहिलं की जखम भरणाऱ्या पेशीच बिथरतात. गाठीलाच पोसतात. सगळ्या नाही, काही तिला अडवतातही. म्हणून आजूबाजूचं बघावं लागतं. कळलं?"

तोच आवाज. परीक्षेआधी कँटीनमध्ये शिकवायची तेव्हाचा.

कळलं होतं. सगळं कळलं होतं.

"न्हाई," म्हणालो. "लय अवघड आहे."

"ढ आहेस," ती म्हणाली, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली.