कुठलाच खेळ नसलेला वर्ग

सोम., ३ नोव्हें.
दिवाळीनंतर मांजरीत आमच्या सोसायटीतला पोरांचा वर्ग आज सुरू. निम्मी पोरं अजून मामाकडे. आलेली चकल्या पोटात घेऊन आली, तशाच कोलांट्या मारल्या. बेडूकउड्या, खेकडाचाल, शेवटी लगोरी. सोसायटीत नव्याने आलेल्या एक बाई बघत होत्या. "कुठला खेळ शिकवता?" म्हटलं, सगळे. "म्हणजे कुठलाच नाही." बोलण्यावरून पेठेतल्या असाव्यात. मी कसबा पेठेतली, लगेच ओळखलं. म्हटलं, सहा-सात वर्षांच्या पोराला आधी पळता, पडता, झेलता, लटकता येऊ दे. खेळ मागाहून येतो. बाईंनी तोंड वाकडं केलं, पण मुलाचं नाव घातलं.

गुरु., ६ नोव्हें.
आज डावा गुरुवार. फेकणं, लंगडी, लाथ, सगळं डाव्याने. नेहमीची कुरकुर. सी विंगची स्वरा, सात वर्षांची. जूनमध्ये एका पायावर उभी राहायची तर माझं बोट धरून. आज आधी उजव्याने लगोरी फोडली, मग डाव्याने. शाळेत इतकी वर्षं पी.टी. घेतली, असा आनंद क्वचित झाला. मोबाइलवर व्हिडिओ घेतला आणि पालकांच्या ग्रुपवर टाकला.

शुक्र., ७ नोव्हें.
खाली स्वराचे बाबा वाट बघत उभे. आशिषराव, मूळचे यवतमाळचे, आयटीत आहेत. "मॅडम, काय हात आहे हो पोरीचा! सकाळपासून तेच पाहून राहिलो." क्रिकेट अकादमीला व्हिडिओ पाठवलासुद्धा, त्यांनी घेतलीसुद्धा. रोज संध्याकाळी, शिवाय रविवारी सकाळी. म्हणजे इथलं बंद. म्हटलं, अहो, लहान आहे, रोज तेच तेच एका हाताने... शांतपणे ऐकून घेतलं. "तुमचेच उपकार आहेत, मॅडम." व्हिडिओ टाकायची अवदसा मलाच आठवली ना.

मंगळ., १८ नोव्हें.
स्वराशिवाय लगोरी. तिचा व्हिडिओ बघून आणखी दोघं अकादमीत गेली. छान. पीक मी काढायचं, मळणी दुसऱ्याने.
आशिषरावांचा राग येत नाही. परवा लिफ्टमध्ये सांगत होते, गावी मैदान होतं पण शिकवणारं कुणी नव्हतं, पोरीचं तसं व्हायला नको. गडी स्वतः झाडावर चढला, विहिरीत पोहला, सायकलवरून आपटला. तेच त्यांच्या पोरीला मी टॉवरच्या सावलीत द्यायला बघते, तर तो त्यांच्या लेखी टाइमपास.

गुरु., २७ नोव्हें.
अकादमीला सुट्टी म्हणून स्वरा आली! पळत आली, रांगेत घुसली. डाव्याने फेक म्हटलं तर हात मागे. "सर म्हणतात, सवय बिघडते." बरं, उजव्याने फेक. फेकलं, लागलं, आणि लगेच माझ्याकडे वळून, "ताई, बरोबर होतं का?" दर वेळी तेच. आधी कधी विचारायची नाही, फेकायची आणि पळायची. खेकडाचालीत मात्र उलटी पडून हसली. मला फार वाईट वाटलं. घरी येऊन भाजी निवडत बसले, तरी तेच डोक्यात.

शनि., ६ डिसें.
आशिषराव घरी आले. चहा घेतला, बराच वेळ हवापाण्याचं. मग निघालं. स्वरा तीन दिवस अकादमीत जात नाहीये. रडत नाही, भांडत नाही, नुसती बूट घालत नाही. "मी ओरडलो तिच्यावर. नव्हतं ओरडायला पाहिजे." सर म्हणतात पोरीत काहीतरी आहे. ते खरंच आहे. आहेच.
"तुमचं ऐकते ती. जा म्हणाल तर जाईल. राहू दे म्हणाल तर नाही पाठवत. तुमच्यावर सोडलं. उद्या सकाळी खाली आणतो."
माझ्यावर! वा.

रवि., ७ डिसें.
लवकर जाग आली. ती इथे परत यावी असं वाटतं ते तिच्यासाठी, की वर्ग रिकामा होत चाललाय म्हणून? प्रामाणिकपणे सांगता येईना. तरी ठरवलं, राहू दे म्हणायचं. दहा-अकराची झाली की जाईल हवं तर. सगळं मनात जुळवून खाली गेले.
गाडीची डिकी उघडी, आत किट बॅग. आशिषराव शेजारी. स्वरा चपला घालून. मी तोंड उघडायच्या आत तिनेच विचारलं, "ताई, मी नाही गेले तर बाबांना मी आवडेन ना?"
हात, पाय, डावं, उजवं, सगळ्याची उत्तरं घेऊन गेले होते. हे उत्तर माझं नव्हतं. म्हटलं, "हे बाबांना विचार."
ती त्यांच्याकडे वळली. आशिषराव खाली बसले, तिच्या उंचीला आले, तिचे दोन्ही हात हातात घेतले. मी दोघांना तिथेच सोडून निघाले.
दुपार झाली. फोन नाही. मीही केलेला नाही.