सोनेरी स्टँडवरच्या इमरत्या

छत्रपती संभाजीनगर,
मंगळवार

चि. राजकुमार यास,

सप्रेम जय भीम. तुझी पाठ कशी आहे? भावजयीचा गुडघा बरा आहे का? (तिला वेगळा आशीर्वाद. या पत्रातला राग सगळा तुझ्या वाट्याचा आहे, तिनं मनाला लावून घेऊ नये.) इथं आम्ही सगळे ठीक आहोत. त्यात तुझा काडीचा हात नाही.

रविवारी सम्यकचा पहिला वाढदिवस झाला. एकुलता एक नातू, म्हणून गल्लीतली चाळीस माणसं बोलावली, गुलमंडीतून ताज्या इमरत्या आणल्या आणि तू फर्दापूरहून पाठवलेला तीन मजली स्टँड मधोमध मांडला. जुन्या परातींना पलंगाचे पाय जोडून भावानं घरीच केला, सोनेरी रंगही त्यानंच दिला, असं येईल त्याला सांगत होते. (ते कौतुक आता परत घेतलं आहे, नोंद घे.) इमरत्या गरम, पाक निथळणारा. पंधरा मिनिटांत तुझा रंग सुटला. आधी कळलं ते शेजारच्या सरूबाईंना. बाई एरवी लई फटकळ, पण त्या दिवशी नुसती जीभ बाहेर काढून दाखवली. जिभेवर सोनेरी पापुद्रा! मी सगळ्यांना थांबवेपर्यंत सम्यकनं खालच्या मजल्यावरची इमरती दोन्ही हातांनी धरून चोखली होती. ओठ, हनुवटी, बोटं, सगळं चकाकत होतं. पाहुण्यांना ते गोड वाटलं, त्यांनी फोटो काढले. आणि माझी सून रूपा त्याच्या तोंडात बोट घालून रंग काढत रडत होती.

तसंच रिक्षात घालून दवाखाना गाठला. डॉक्टरांनी पहिलं विचारलं, रंग कोणता होता? म्हणून तुला फोन केला. अरे, वर्षाचं लेकरू समोर तपासायला ठेवलेलं, आणि तू निवांत सांगतोस की गेटाला लावून उरलेला होता. वर उलट मलाच विचारतोस, त्यावर खायचं ठेवलंच कसं! मी फोन कापला. मग डब्याचा फोटो मागवला, तर तुझा अंगठा नेमका बारीक अक्षरांवर. दुसऱ्या फोटोत अंगठा नव्हता, पण उजेडही नव्हता. तिसऱ्यात एकदाचं वाचता आलं. डॉक्टरांनी दोन तास बसवून ठेवलं. पोटात फार गेलेलं नाही, तरी दोन दिवस लक्ष ठेवा म्हणाले. आणि मला, माझ्या पांढऱ्या केसांकडं बघून, समजावलं की असला रंग वाळला तरी खाण्याला लागू द्यायचा नसतो, ओल्या गोडाला तर नाहीच.

मी तीस वर्षं अंगणवाडीत काढली. दुसऱ्यांच्या लेकरांना हात धुतल्याशिवाय खिचडी दिली नाही. रिक्षात परत येताना रूपा बाहेर बघत हळूच म्हणाली, "आई, तुम्हाला तरी कळायला पाहिजे होतं." भांडली असती तर बरं वाटलं असतं. हे वाक्य मला तुझ्यामुळं ऐकावं लागलं, राजकुमार. सम्यक आता खेळतोय, जेवतोय. तुझा स्टँड गच्चीवर पालथा पडला आहे.

तुझी (अजून रागातच असलेली) ताई,
गीता

ता. क. : स्टँडबरोबर तीन काचेच्या ताटल्या आल्या होत्या आणि वरच्या परातीला तुझ्या अक्षरातला कागद चिकटवलेला होता, की काच ठेवल्याशिवाय खायचं ठेवू नये. काचेखाली सोनं फिकं दिसत होतं. ताटल्या मी कपाटात टाकल्या, कागद फाडला. घरात कुणाला माहीत नाही.

आणखी ता. क. : रविवारी ये. आधी वाटलं होतं, रूपासमोर चूक तूच कबूल कर म्हणून लिहावं, त्यासाठीच पत्र लिहायला घेतलं होतं. पण कालपासून ती सम्यकला माझ्या हातून भरवू देत नाही. तिला खरं मीच सांगणार आहे, एकटीला धीर होत नाही. तू नुसता शेजारी बस. ती बोलली तर मधे पडू नको, बोलू दे.