बदली माणूस

प्रिय खारू,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. वीस तारखेला येतोस हे दोनदा वाचलं. अकरा वर्षांनी बाबांसमोर उभं राहायचं तर सुरुवात कशी करू, असं तू विचारलं आहेस आणि मग धीर सुटल्यासारखा खाली लिहितोस, सध्या कुठले सिनेमे बघता दोघं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर या पत्रात मला द्यायचंच आहे. ते वाचल्याशिवाय तू गाडीत बसता कामा नये. पण दुसरा प्रश्न सोपा आहे, आणि पेपरात सोपा प्रश्न आधी घ्यावा हे मी तीस वर्षं वर्गात सांगत आले. तेव्हा आधी सिनेमे.

खाली राहणारी शिवणवाली दर शनिवारी एक पेनड्राइव्ह आणून देते. ती शिलाई मशीन चालवता चालवता सिनेमे नुसते ऐकते, त्यामुळे दिसायला कुठला चांगला आहे हे तिला विचारण्यात अर्थ नाही. मागच्या आठवड्यात एक इन्स्पेक्टरचा पाहिला. तीन खून होतात, हा गृहस्थ खिडकीतून बाहेर बघतो आणि त्याला सगळं उमगतं. एक कागद लिहीत नाही, एकदाही जेवत नाही. दहापैकी चार गुण, तेही खिडकी चांगली होती म्हणून. त्याआधी दीपगृहावरच्या बाईची प्रेमकथा. बारा वर्षं ती वाट बघते, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात, आणि केस एकही पांढरा होत नाही. मी बाबांना म्हटलं, हिला तेल कोण पुरवतं? ते म्हणाले, "फोकस चांगला आहे." त्यांची समीक्षा तिथंच संपते, तुला माहीतच आहे.

एक मुख्याध्यापिकेचाही होता. तो मी हट्टानं बघितला. साखळीला चष्मा, हातात छडी, आणि शेवटी निवृत्तीच्या दिवशी सगळी शाळा फाटकापाशी रडते. माझ्या वेळी कोणी रडलं नव्हतं. सातवीतल्या एकीनं तेवढं विचारलं होतं, "बाई, उद्यापासून आमच्यावर ओरडणार कोण?" माझ्या मते तो निरोप जास्त खरा होता. सिनेमाला पाच.

सगळ्यात वाईट होता तो विसरत जाणाऱ्या म्हाताऱ्याचा. शिवणवालीनं मुद्दाम आणला, तुमच्या उपयोगाचा आहे म्हणाली. त्यातला म्हातारा फार सुंदर विसरतो. स्वच्छ इस्त्रीचा सदरा घालून बागेत बसतो, बायकोला नव्यानं भेटल्यासारखं फूल देतो, आणि शेवटी एक जुनं गाणं ऐकलं की त्याला सगळं आठवतं. आमच्याकडे तसं काही होत नाही. आमच्याकडे सदरा उलटा असतो, चप्पल फ्रिजमध्ये सापडते, आणि गाणं लावलं तर बाबा म्हणतात आवाज कमी कर, हॉलमध्ये लोक बसलेत. त्या सिनेमाला मी गुण दिलेच नाहीत. पेपर कोरा समजून परत केला.

फोनवर तुला मी "थोडा विसरभोळेपणा" म्हणाले होते. तो थोडा नाही. जिथून जन्मभर सिनेमे दाखवले त्या थिएटरच्या मशीनरूममध्येच बाबा आता बहुतेक वेळ मनानं असतात. खुर्चीत बसून टीव्हीकडे बघतात, पण नजर वरच्या उजव्या कोपऱ्यात. तुला आठवत असेल, लहानपणी मशीनरूममध्ये उपड्या बादलीवर बसून तू तेच करायचास. वीस मिनिटांचं एक रीळ संपत आलं की त्या कोपऱ्यात क्षणभर ठिपका येतो. पहिला दिसला की दुसरं मशीन सुरू करायचं, काही सेकंदांनी दुसरा दिसला की चित्र त्या मशीनवर घ्यायचं. खाली बसलेल्या माणसाला कधी कळतही नाही. तू ओरडायचास, "बाबा, ठिपका," आणि ते म्हणायचे, "दिसला रे, मी काय आंधळा आहे?" टीव्हीवर ठिपका कुठून येणार? तो न आल्यामुळे ते कासावीस व्हायचे. मी शहाणपणा करून कागदाचा एक गोल ठिपका कापून काचेवर चिकटवला. तो जागचा हलेना म्हटल्यावर ते एका सिनेमात चाळीस वेळा उठले. शेवटी मला रीत सापडली. दर वीस मिनिटांनी मी रिमोटनं पडदा काळा करते. ते उठतात, टीव्हीच्या मागे हात लावून येतात, "बदललं" म्हणतात आणि निवांत बसतात. मग मी पुढचं सुरू करते. पडदा काळाच करायचा, चित्र थांबवायचं नाही, हा नियम. कारण त्यांच्या मशीनमध्ये चित्र थांबलं की दिव्याच्या उष्णतेनं फिल्म जळायची. चौतीस वर्षांत त्यांच्या हातून एकदाही जळली नाही, हे ते कोणालाही सांगतात, भाजीवाल्यालासुद्धा.

आता तुझ्या त्या फोनचं. साडेतीन महिन्यांपूर्वी तू घरच्या फोनवर फोन केलास, आणि पहिल्यांदाच म्हणालास की बाबांशी बोलायचंय. आम्ही तेव्हा एका खाणकामगाराचा सिनेमा बघत होतो. खाण कोसळते, आणि कंपनीचा माणूस म्हाताऱ्या बापाच्या दारात येऊन सांगतो की तुमचा मुलगा गेला. बाप मुलाचं शिरस्त्राण हातात घेऊन बसून राहतो. तेवढ्यात फोन वाजला. घाईत मी रिमोटचं भलतंच बटण दाबलं. पडदा काळा झाला नाही. चित्र थांबलं. आणि मी बाहेर येऊन तुझ्याशी चाळीस मिनिटं बोलत बसले. तू तुझ्या कामाचं सांगत होतास, घराचं सांगत होतास, बाबांनी बोलायला नकार दिला तर काय याची भीती सांगत होतास. मी मध्येच उठून पडद्याकडे पाहिलं नाही. अकरा वर्षांत तू एवढं सलग माझ्याशी बोलला नव्हतास.

मग बाबांना बोलवायला आत गेले, आणि परत येऊन तुला सांगितलं की ते झोपलेत. ते झोपले नव्हते. ते त्या थांबलेल्या चित्रासमोर उभे होते, त्या बापासारखेच दोन्ही हात पोटाशी धरून. मला म्हणाले, "जळालं. पुढचं सगळं जळालं. खारू गेला आपला."

सिनेमात तो मुलगा मरत नाही. शेवटच्या वीस मिनिटांत त्याला जिवंत बाहेर काढतात. अगदी न पटण्यासारखा शेवट आहे. एरवी मी त्याचे दोन गुण कापले असते. चौथ्या दिवशी मी बाबांना तो शेवट दाखवला. त्यांनी नीट बघितला, बाप मुलाला मिठी मारतो तिथं डोळे पुसले आणि म्हणाले, "नशीबवान आहे तो." मग माझ्या गुडघ्यावर थोपटलं. "आपलं रीळ जळालं."

तेव्हापासून रोज सकाळी मी चहा घेऊन गेले की ते म्हणतात, "हेडबाई, आधी बस. कप खाली ठेव." मी बसते. ते माझा हात धरतात, आणि मला तू गेल्याची बातमी देतात. त्यांच्या मते मला ती अजून कळलेली नसते. एवढं जपून कोणाला वाईट बातमी सांगताना मी आयुष्यात पाहिलेलं नाही. पहिले तीन दिवस मी भांडले. तो जिवंत आहे, परवा फोन आला होता त्याचा, म्हटलं. त्यावर माझ्याकडे बघून म्हणाले, "पहिल्यांदा असंच वाटतं माणसाला. वाटू दे." शिवणवालीनं एकदा भलेपणानं सांगून पाहिलं, काका, मुलगा ठणठणीत आहे, फोन लावून देऊ का? तर ते उठले. मेलेल्या पोरावरून थट्टा करता का, म्हणाले, आणि तिला बाहेर काढलं. दोन दिवस जेवले नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उलटं बोलू नका, त्यांचं खरं ते त्यांना असू द्या. विज्ञान शिकवण्यात माझा जन्म गेला. प्रयोगवहीत कोणाला एक आकडा मनाचा घालू दिला नाही. आता रोज सकाळी मी खाली मान घालून बसते आणि माझा मुलगा गेला हे ऐकून घेते. एकदा मला हुंदका आला. खरा आला, कशाचा ते मला सांगता येणार नाही. त्या दिवशी बाबा दिवसभर शांत होते.

आणि संध्याकाळी सिनेमा लावला की त्यांना सकाळचं आठवत नाही असं नाही. परवा मध्येच म्हणाले, "आपला पोरगा गेला आणि तू सिनेमे बघतेस?" मी म्हटलं, तुम्हीही बघताय. तर म्हणाले, "माझी ड्यूटी आहे."

बातमी दिल्यावर ते तुझ्याविषयी बोलतात. जिवंतपणी तुझं नाव काढू देत नव्हते. तुझा फोटो मी शाळेतल्या कपाटात ठेवत असे. अकरा वर्षांपूर्वी थिएटर पाडण्याआधी मोजमापं घ्यायला तुझ्या कंपनीनं दोघांना पाठवलं आणि त्यात तू होतास, हे तू घरी सांगितलं नव्हतंस. बाबांनी कुलूप उघडलं आणि मशीनरूममध्ये त्यांचाच मुलगा टेप धरून उभा. त्यांनी टेप हिसकावून खिडकीबाहेर फेकली, तुला हाकललं, तू आठवड्याच्या आत घर सोडलंस, आणि मी दोघांनाही दोष देत राहिले, कारण ते सोपं होतं. आता ते काय म्हणतात ते त्यांच्याच शब्दांत लिहिते. "त्यानं टेप नीट धरली होती, हेडबाई. हात जराही हलत नव्हता. मी शिकवलं होतं तसा. कोणीतरी मोजणारच होतं, त्यानं मोजलं तर काय बिघडलं? मी त्याला हाकलायला नको होतं." हे मी शंभर वेळा ऐकलं असेल. एक शब्द इकडचा तिकडे होत नाही.

मागच्या पत्रातला तुझा फोटो मी त्यांना दाखवला, दाढीचा. बराच वेळ बघून म्हणाले, "हा बदली माणूस का? कधी येणार?" तुला कळलं असेल. दिवसाची पाळी संपली की संध्याकाळी सहाला दुसरा ऑपरेटर यायचा, तो बदली माणूस. बाबा रोज सहाला दाराकडे बघतात. रोज विचारतात, आला नाही का अजून? मी म्हणते, वाटेत आहे.

म्हणून हे पत्र, खारू. ये, पण मुलगा म्हणून येऊ नकोस. तू "बाबा, मी आलो" म्हणालास तर ते तुला शिवणवालीसारखं बाहेर काढतील, आणि दुसऱ्यांदा हाकललं जाणं तुला सोसणार नाही. मलाही नाही. दुपारी पोचलास तर स्टेशनवरच थांब. बरोबर सहाला दार वाजव. हातात टॉर्च ठेव, बदली माणसाकडे तो असतो. त्यांना ऑपरेटरसाहेब म्हण, खुर्चीच्या उजव्या बाजूला स्टूल ठेवलेलं असेल त्यावर बस, आणि कुठलं रीळ चाललंय ते विचार. ते सांगतील. माफी मागू नकोस. ती त्यांनी केव्हाच दिली आहे, फक्त ती तुला देता येत नाही असं त्यांना वाटतं. अर्ध्या तासात ते तुला त्यांच्या मुलाविषयी सांगू लागतील. मध्ये बोलू नकोस, हात पुढे करू नकोस, शेवटपर्यंत ऐक. ऐकून झालं की एवढंच म्हण, तुमच्या मुलाचं ऐकून फार वाईट वाटलं. साडेतीन महिन्यांत त्यांना हे कोणीच म्हटलेलं नाही. मी रोज प्रयत्न करते. माझ्या तोंडून निघत नाही.

तुझीच,
आई