इंजिन बंद कर ना, मामा!

९ जून

अर्विदमामाला काही वाटतच नाही! ग्लेशियरच्या तोंडाशी बर्फाच्या तुकड्यांवर सीलच्या माद्या पडल्यात, पोटाशी आठवड्याभराची पिल्लं — आणि हा बोट घेऊन येतो, डग-डग-डग! इंजिन बंद कर म्हटलं तर म्हणतो, "ऐकू दे की त्यांना. कोण येतंय, कुठून येतंय, कळतं त्यांना." वा! म्हणजे आपण उपकारच करतोय!

मी कॉलेजात समुद्री प्राण्यांबद्दलच शिकतेय. तो आयुष्यभर हॅलिबट मासे पकडतोय.

१० जून

मोजले. माद्या एकसष्ट, पिल्लं तेवीस. एवढुश्शी आहेत!

आम्ही तिघं बोटीवरच राहतोय, आणि मामा भांडी घासताना मुद्दाम मोठ्यानं गातो. मार्गिटमामी म्हणाली, "सोड गं, मी तीस वर्षं ऐकतेय." मला हसू आलं. मग स्वतःचाच राग आला.

११ जून

आज कहर! मासे ठेवायच्या पेटीसाठी मामानं पाण्यातला बर्फ जाळीनं ओढला आणि डेकवर कुऱ्हाडीनं फोडत बसला. ठाक! ठाक! लांबून सील माना वर करून बघतायत. एकही पाण्यात गेला नाही हे खरं — पण नशीब म्हणायचं.

जेवताना बोललेच. "हे त्यांचं घर आहे, मामा. तुझ्या गोदीवर घालतोस तसा धिंगाणा काय घालतोस?"

मामी ताटात बघत बसली. मामानं सामन माशाचा काटा काढून कडेला ठेवला. "बरं. उद्या बाईसाहेब चालवतील."

चालवणारच!

१२ जून, सकाळ

सुकाणूपाशी बसून लिहितेय. मोठ्या हिमखंडाच्या आड आल्यावर इंजिन बंद केलं. मामा म्हणाला, "चालू ठेव, पोरी." मी किल्ली खिशात टाकली. भरतीचं पाणीच बोटीला आत नेतंय. काय शांतता! बर्फ वितळून ठिबकतोय तेसुद्धा ऐकू येतंय. हे असं यायचं असतं कुणाच्या घरी!

१२ जून, दुपार

हिमखंडाला वळसा पूर्ण झाला आणि आम्ही एकदम त्यांच्यामध्येच. त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं. सगळ्यांनी पाण्यात उड्या टाकल्या. एक पिल्लू बर्फावरच राहिलं.

आता लांब येऊन थांबलोय. चार तास झाले. ते ओरडतंय. आई आलेली नाही.

मी दुर्बीण खाली ठेवली की मामा उचलून परत माझ्या हातात देतो.