हिरव्या इंजिनाचं धुराडं

सोमवार, ४ नोव्हेंबर. सकाळी ९.१०

आजपासून रोज लिहायचं. मोजकं, खरं आणि मुद्द्याचं.

क्लबच्या कपाटातून आठ इंजिनं चोरीला गेली. त्यात बाबांचं हिरवं इंजिनही आहे. कुलूप फोडलेलं नाही. चावी कपाटाशेजारच्या खिळ्याला जिथल्या तिथे होती. तिच्यावर मीच चिठ्ठी बांधून ठेवली होती, ‘कपाटाची चावी’. म्हणजे व्यवस्थेत काही दोष नव्हता.

क्लबची चिटणीस म्हणून जबाबदारी माझी. खेळण्यातल्या रेल्वेगाड्या जमवणाऱ्यांच्या या क्लबात मी सोडून सगळे साठीच्या पुढचे.

रविवारी २४ तारखेला पंचविसावं प्रदर्शन. दरवर्षी पहिली फेरी बाबांच्या हिरव्या इंजिनाची असते. यंदाही होणार. मी बाबांना तसा शब्द दिला. बाबा म्हणाले, बघू.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

तपास सुरू. पहिला निष्कर्ष सकाळी साडेदहालाच हाती आला. चोराने इंजिनं नेली, पण त्यांची मूळ खोकी तशीच ठेवली. खोकं सोडून इंजिन नेणारा माणूस छंदी असूच शकत नाही. सबब आमच्या सभासदांपैकी कोणी नाही.

हे मी सभेत सांगितलं. अध्यक्ष (जुने घड्याळजी) म्हणाले की त्यांच्यावर संशय होता हे त्यांना आत्ताच कळलं. दातांचे डॉक्टर तर उठूनच उभे राहिले. सगळ्यांची समजूत काढण्यात एक तास गेला. गैरसमज दूर झाला असं मला वाटतं. दोघे अजून माझ्याशी बोलत नाहीत.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

पोलीस ठाण्यात तक्रार दिली. अकरा पानं. प्रत्येक इंजिनाचं वर्णन मालकाच्या तोंडून ऐकून शब्दशः उतरवलं. आठही जणांनी एकच सांगितलं: मूळ रंग, मूळ चाकं, एकही भाग बदललेला नाही. डॉक्टरांनी ‘कधीही न चालवलेलं’ हे शब्द अधोरेखित करायला लावले.

ठाण्यातल्या साहेबांनी पहिलं पान वाचून विचारलं, म्हणजे खेळणी ना? मी म्हणाले, प्रतिकृती. त्यांनी रकान्यात ‘खेळणी’ लिहिलं.

मी पाचवीपर्यंत घरीच शिकले. बाबांनी गणित शिकवलं, आईने भाषा, आणि खरं बोलणं दोघांनी मिळून. त्याचा असा उपयोग होतो. तक्रारीत एक अक्षर खोटं नाही.

सोमवार, ११ नोव्हेंबर

सापळा. क्लबचं जुनं, बंद पडलेलं निळं इंजिन खिडकीत ठेवलं आहे. पोटाखाली पांढऱ्या रंगाचा बारीक ठिपका दिला. चोराने ते नेलं की कुठेही ओळखता येईल. योजना गुप्त. फक्त आईला सांगितली. आई म्हणाली, चोराला ठिपक्यांची आवड असेल तर येईल.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

निळं इंजिन अजून खिडकीतच आहे. ठिपका नाही. अध्यक्षांनी पुसला. त्यांना वाटलं डाग आहे. मी पुन्हा दिला, तो डॉक्टरांनी पुसला. तिसरा कोणी पुसला ते समजलं नाही. आमच्या लोकांच्या हाती इंजिन आलं की ते आधी उलटं करून पाहतात आणि मग खिशातला फडका काढतात. हे मी विचारात घ्यायला हवं होतं. घेतलंही होतं, पण वेगळ्या संदर्भात.

सापळा उठवला. इंजिन मात्र चकचकीत झालं आहे.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर. दुपारी ३.३०

चांगला दिवस. प्रदर्शन कमिटीने पाठवलेले एक गृहस्थ आले. रिकाम्या खोक्यांचे कोपरे फाटले आहेत, ते चिकटवून आणून देतो म्हणाले. कमिटी म्हणजे मीच. त्यांना बोलावल्याचं मला आठवत नव्हतं, पण गडबडीत विसरले असणार. त्यांची माफी मागितली. आठही खोकी कागदात गुंडाळून, दोरीने बांधून दिली. त्यांना गाठ नीट जमत नव्हती.

अर्थात रजिस्टरमध्ये सही, नाव आणि फोन नंबर घेतल्याशिवाय एक खोकंही हलू दिलं नाही. ते पत्ता आठवेना म्हणाले, तरी मी नंबर सोडला नाही. समोरच फोन लावून पाहिला. त्यांच्या खिशात वाजला. नियम म्हणजे नियम.

शनिवार, १६ नोव्हेंबर

खोकी आली नाहीत.

अध्यक्षांशी बोलणं सुरू झालं. ते म्हणाले, चोर घाईत माल विसरला होता, तो तू बांधून दिलास. वर गाठही मारून दिलीस. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी घरपोच दे.

मला वाटतं प्रश्नाकडे इतक्या एकांगी नजरेने पाहू नये. रजिस्टर घेऊन ठाण्यात गेले.

सोमवार, १८ नोव्हेंबर

चोर सापडला. साहेबांनी रजिस्टरमधल्या नंबरावर फोन केला आणि तो उचलला गेला. तेव्हा चोर जुन्या वस्तूंच्या दुकानात काउंटरसमोरच उभा होता, आणि कुठे आहात विचारल्यावर त्याने तसं सांगितलंही. दुकानदाराने आधी इंजिनं परत केली होती. खोक्यांशिवाय घेणार नाही म्हणाला होता. म्हणून बिचारा खोक्यांसाठी आला.

थोडक्यात, मी खोकी दिली नसती तर चोर सापडला नसता. हे मी सभेच्या इतिवृत्तात लिहिलं. अध्यक्षांनी त्यावर सही करायला नकार दिला.

आठही इंजिनं सुखरूप. उद्या ओळख पटवून आणायची. रविवारला अजून सहा दिवस आहेत. बाबांना सांगितलं. ते म्हणाले, छान.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

एकही इंजिन घरी आलं नाही.

साहेबांनी आठही टेबलावर मांडली आणि माझी अकरा पानं उघडली. डॉक्टरांचं लाल इंजिन उचलून म्हणाले, हे ‘कधीही न चालवलेलं’, मग याची चाकं झिजली कशी? आणि याच्या पोटात हा पांढरा गोळा कसला? ते दातांत भरायचं सिमेंट होतं. तिथल्या शिपायालाही ओळखता आलं. डॉक्टर टेबलापासून एक पाऊल मागे सरले आणि म्हणाले, हे माझं नाही. अध्यक्षांच्या इंजिनात गजराच्या घड्याळाचं चक्र निघालं. तेही त्यांचं नव्हतं. अशी सात झाली.

साहेब म्हणाले, भांडू नका. वर्णन दुरुस्त करा, ‘अमुक भाग बदललेला आहे’ असं लिहून सही करा आणि घेऊन जा. कोणी पेनाला हात लावला नाही.

बाहेर येऊन सगळ्यांनी चहा घेतला. भाग चोराने बदलले असावेत, असं सर्वानुमते ठरलं. मी ते लिहून घेतलं.

हिरव्या इंजिनाबद्दल मला विचारलं तेव्हा मी म्हणाले, खात्री नाही.

मंगळवार, रात्री ९

इथे खरं लिहायला हरकत नाही. बारा वर्षांची असताना माझ्या हातून हिरव्या इंजिनाचं धुराडं तुटलं. तुकडे मी कुंडीत पुरले, आणि पेनाचं टोपण कापून, काळा रंग देऊन तिथे बसवलं. बाबांना आजतागायत कळलेलं नाही. काम फारच बेमालूम झालं होतं.

याला खोटेपणा म्हणता येणार नाही. धुराडं मूळचं आहे का, असं मला चौदा वर्षांत कोणीच विचारलं नाही. तक्रारीत मी बाबांनी सांगितलं तेच लिहिलं.

बुधवार, २० नोव्हेंबर

निर्णय झाला. बाबांना सगळं सांगायचं. आजच. जेवण झाल्यावर.

जेवण झाल्यावर बाबा पेपर वाचत होते. इतकी मोठी गोष्ट तोंडी सांगणं बरोबर नाही. लेखी हवी.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

कबुलीजबाब तयार. तीन पानं, पाठपोट नाही. पहिल्या पानावर घटना, दुसऱ्यावर त्यामागची मनःस्थिती, तिसऱ्यावर क्षमायाचना आणि प्रायश्चित्ताचे दोन पर्याय. दोनदा शुद्ध लिहून काढला. बाबांना धक्का बसेल. आईला सांगून ठेवलं की बाबांजवळच बस. आई म्हणाली, भाजी करपतेय.

उद्या सकाळी आठला वाचून दाखवणार. नंतर थेट ठाणं.

शनिवार, २३ नोव्हेंबर

आठला बाबा दाढी करत होते. नऊला दुकानात गेले. साडेदहाला ते परतल्यावर मी उभी राहून वाचायला सुरुवात केली. पहिल्या पानाच्या मध्यावर, ‘ते टोपण’ या शब्दांशी, बाबांनी हात वर केला आणि विचारलं, अजून किती आहे?

मग म्हणाले, इंजिन बुधवारीच आणलं. फ्रीजवर आहे. फॉर्मवर ‘धुराडे पेनाच्या टोपणाचे, मुलीने बसवलेले’ असं लिहिलं आणि सही केली. दोन मिनिटांचं काम होतं.

मी विचारलं, तुम्हाला माहीत होतं? ते म्हणाले, अगं, टोपणावर पेनाच्या कंपनीचं नाव आहे. रंगाखालून वाचता येतं. मूळचं धुराडं वाकडं होतं, हे सरळ बसलं, म्हणून राहू दिलं. मला वाटलं, मला माहीत आहे हे तुला माहीत आहे.

मग तक्रारीत ‘मूळचं’ का सांगितलं? तर म्हणाले, बाकी सगळे तसंच सांगत होते, मी एकटा वेगळा कशाला दिसू?

मी उरलेली दोन पानं वाचू का, असं विचारलं. त्यांनी मागची बाजू कोरी आहे का ते पाहिलं आणि तिन्ही पानं ठेवून घेतली.

रविवार, २४ नोव्हेंबर. संध्याकाळी ७

प्रदर्शन पार पडलं. हिरव्या इंजिनाची पहिली फेरी झाली. दुसरी, तिसरी आणि चाळिसावीही त्याचीच झाली, कारण रुळांवर दुसरं काही नव्हतं. बाकीच्या टेबलांवर जुन्या फोटोंची मांडामांड होती. सातही मालक आपापल्या फोटोंजवळ उभे होते आणि पाहुण्यांना सांगत होते की इंजिनं पोलिसांकडे आहेत, केस गुंतागुंतीची आहे.

आमच्या टेबलापुढे मात्र गर्दी हटत नव्हती. मला वाटलं, इंजिनामुळे. मी पुढाकार घेऊन लोकांना चाकांची माहिती सांगायला लागले. एका बाईंनी मला खुणेनेच गप्प केलं. त्या वाचत होत्या.

बाबांनी ‘कृपया हात लावू नये’ अशी पाटी करून टेबलावर उभी केली होती. कागद कोऱ्या बाजूने वापरला होता. पाटीचं तोंड बाबांकडे होतं. पाहुण्यांच्या बाजूला माझं पहिलं पान होतं.

पाटी फिरवायला गेले, तेव्हा डॉक्टर रांगेत तिसरे होते. वाचून झाल्यावर त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, ठाणं सोमवारी किती वाजता उघडतं? मी उत्तर देणार होते, पण मागच्यांची घाई चालली होती.

दुसरं पान कुठे आहे, असं पाच जणांनी विचारलं.