शहाळं मी दिलं

आत्या,

तुझा मोबाईल चार्जिंगलाच राहिलाय, म्हणून हे लिहितेय. तू भाजीला गेलीस आणि पप्पांच्या हातापायातलं बळच गेलं, छाती धडधडायला लागली. आई त्यांना रिक्षानं दवाखान्यात घेऊन गेलीये. फाइल घरीच राहिली, ती घेऊन मी निघतेय.

डायलिसिसच्या सिस्टरांना फोन मीच लावला, आईला काही सुचेना. त्यांनी आधी हेच विचारलं, "नारळपाणी दिलं का कुणी?"

आम्ही तुला नीट सांगायला पाहिजे होतं. कूलरच्या साचलेल्या पाण्यातला तो लिजिओनेला जंतू छातीत गेला, न्यूमोनिया झाला, त्यातच किडन्या गेल्या. छाती बरी झाली, किडन्या नाय. शहाळ्यातलं पोटॅशियम रक्तात साचतं आणि हृदयावर येतं.

पप्पांना हे माहीत होतं, पाणीसुद्धा ते मोजूनच पितात. तरी काल सोयगावहून आल्या आल्या तू शहाळं पुढं केलंस, तर गुमान प्याले. आज जिना उतरताना मला हळूच म्हणाले, "ताईला कुणी बोलू नका. लई दिवसांनी पोटभर प्यायलो."

म्हणून आईला मी सांगितलं की शहाळं मी दिलं. ती पप्पांना धरून रिक्षात बसली.

तू पण तेच सांग. फ्रिजमधलं दुसरं शहाळं मी शेजारच्या मोनिकाताईला दिलंय. कुकरमध्ये भात आहे, जेवून घे. चिठ्ठी फाडून टाक.

पप्पा घरी आले की आईला खरं काय ते मी हसत सांगीन. नाही आले, तर शहाळं मीच दिलं होतं.

प्रेरणा